शाळेच्या कपाटातली शिंगं, काटे, पिसं : मेलेल्या वन्यप्राण्याचे अवशेष जवळ ठेवता येतात का?

दाजीपूरकर मास्तर

नमस्कार मंडळी. मी राधानगरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत यंदा बदलून आलोय. गाव अभयारण्याच्या अगदी कडेला. शाळेत 'विज्ञान कोपरा' नावाचं एक जुनं कपाट आहे. त्यात वर्षानुवर्षं पोरांनी आणि गावकऱ्यांनी आणून दिलेल्या वस्तू आहेत. गव्याच्या शिंगाचं वरचं टोपण, सांबराचं फाटे असलेलं शिंग, साळींदराचे मूठभर काटे, मोरपिसं, सुगरणीची दोन घरटी, बरणीत घातलेली सापाची कात. कुणी शिकार केलेली नाही, सगळं रानात पडलेलं मिळालेलं, असं गावातले जुने लोक सांगतात आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

परवा पोरांना हे दाखवून शिकवताना एक पालक म्हणाले, "गुरुजी, ह्ये ठेवायला परवानगी लागती का ओ?" मला उत्तर देता आलं नाही. वनखात्यात जाण्याआधी इथल्या जाणकारांकडून नीट समजून घ्यावं म्हणून हा धागा काढतोय. शाळेची अडचण होऊ नये, आणि पोरांचं रानाशी असलेलं नातंही तुटू नये, एवढीच इच्छा.

वकीलताई

मास्तर, प्रश्न फार चांगला विचारलात. थोडं लांब लिहिते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधलं कलम ३९ आधी वाचा. बहुतेकांना वाटतं की हा कायदा फक्त शिकाऱ्यांसाठी आहे. पण या कलमानुसार शिकार झालेला वन्यप्राणी जसा सरकारी मालमत्ता ठरतो, तसाच मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेलाही ठरतो. म्हणजे गवा म्हातारपणानं मेला काय, दरीत पडून मेला काय, त्याचं शिंग उचलणाऱ्याचं होत नाही. अशी वस्तू कुठल्याही मार्गानं ताब्यात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनअधिकाऱ्याला कळवायचं आणि मागितली तर द्यायची. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय ती ठेवता येत नाही, कुणाला देता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. शेवटचं विसरू नका. घाबरून जाळून टाकणं किंवा पुरणं हाही भंगच आहे.

दुसरं, 'ट्रॉफी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं वाघाचं मुंडकं येतं. कायद्यातल्या व्याख्येत शिंग, हाड, कवच, शिंपला, केस, पीस, नख, दात, सुळा, कस्तुरी, अंडी आणि घरटीसुद्धा आहेत, आणि ते नैसर्गिकरीत्या टिकलेलं असलं तरी चालतं. म्हणजे तुमच्या कपाटातली सुगरणीची घरटी त्या व्याख्येत बसतात.

तिसरं कलम ५७. अशी वस्तू तुमच्या ताब्यात आहे एवढं सरकार पक्षानं सिद्ध केलं की ताबा बेकायदा आहे असं न्यायालय गृहीत धरतं. तो कायदेशीर आहे हे दाखवणं तुमच्यावर येतं. "रानात पडलेलं मिळालं" हे कुणी कसं सिद्ध करणार?

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आधीच्या सहा अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, जाऊन चार झाल्या. प्राण्यांसाठी पहिली आणि दुसरी, वनस्पतींसाठी तिसरी, आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्रजातींसाठी चौथी. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं आणि दंड किमान २५ हजार.

मळेकरी

ताई, कायदा कळला, पण पटला नाही. आमच्या उसात रानडुकरं शिरतात, रात्ररात्र जागायला लागतं, पिकाची भरपाई मिळवायला हेलपाटे घालायला लागतात. जिवंत असताना जनावर आमचं नुकसान करतं. ते मेलं की लगेच सरकारची मालमत्ता? आणि मास्तरांच्या कपाटातल्या शिंगानं कुणाचं काय बिघडलंय? ते रानात कुजलंच असतं ना? पोरं ते हातात धरून शिकतायत. हे मी रागानं नाही, मनापासून विचारतोय.

निवृत्त वनपाल, चंद्रपूर

मळेकरी भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. नोकरीभर हाच प्रश्न गावोगावी ऐकला. कायदा वकीलताईंनी सांगितला, मी रानातलं सांगतो.

शेताच्या बांधावर बिबट मेलेला दिसला असं समजा. बातमी गावात पसरते आणि आम्ही पोचायच्या आत तिथं पन्नास माणसं जमलेली असतात. आम्ही पहिलं काय पाहतो माहीत आहे? नखं. बिबट असो की वाघ, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी १८ नखं. मग चार सुळे. मग मिशा. पंचनाम्यात हे सगळं मोजून लिहिलं जातं. १८ पैकी दोन नखं कमी निघाली की तपासाची दिशाच बदलते. गाडीच्या धडकेनं मेला की विष देऊन, तारेचा करंट लागून मेला की फासात, हे शोधायचं सोडून आधी नखं कुणी नेली याच्या मागं सगळी यंत्रणा लागते. नख नेणारा बहुतेक वेळा साधा माणूस असतो. पोराच्या गळ्यात बांधायला म्हणून काढलेलं असतं. पण त्यानं पुरावा मोडलेला असतो.

आमच्या विदर्भात कुंपणात वीज सोडल्यानं वाघ, बिबट, रानडुक्कर आणि माणसंही मेली आहेत. मेलेलं जनावर जागच्या जागी राहिलं तर पायावरची भाजल्याची खूण बोलते. ओढून नेलं, कातडं काढलं, की ती खूण गेली. तुमच्या उसात डुक्कर मेलं तर आधी फोन करा म्हणतो तो याचसाठी. ते आजारानं मेलं असेल तर शवविच्छेदनात तसं निघेल आणि तुमच्यावर नाहक संशय येणार नाही. परस्पर पुरलंत आणि नंतर कुणी तक्रार केली, तर काय दाखवाल?

आणि बाजार. 'सापडलेलं चालतं' असा नियम केला असता तर प्रत्येक नख, प्रत्येक खवलं 'सापडलेलं' झालं असतं. मारून काढलेलं नख आणि मेल्यावर काढलेलं नख हातात घेतल्यावर सारखंच दिसतं. म्हणून कायद्यानं त्या फरकाला जागाच ठेवली नाही. मला हे योग्य वाटतं. हळहळ वाटते ती या कायद्याची गावापर्यंत कुणी नीट ओळख करून दिली नाही याची.

वाघाच्या बाबतीत तर शवविच्छेदनानंतर कातडं, हाडं, नखं, सगळं समितीसमोर जाळतात. लोक म्हणतात एवढं सुंदर कातडं जाळलं. मी अशा चितेजवळ उभा राहिलोय, जिवाला लागतं. पण खात्याच्या गोदामातून जरी एक हाड बाहेर गेलं तरी त्याची किंमत पुढचा जिवंत वाघ मोजतो.

पक्षीवेडी

मोरपिसांबद्दल सांगते, कारण इथं खूप गोंधळ असतो. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, राष्ट्रीय पक्षी आहे, तरी त्याच्या पिसाऱ्याच्या पिसांना कायद्यात खास सूट आहे. म्हणून वासुदेवाची टोपी, देवघरातली पिसं, गोंड समाजात घुसाडी नाचताना डोक्यावर घालतात तो मोरपिसांचा मुकुट, यांवर गदा येत नाही. सूट फक्त पिसाऱ्याच्या पिसांना आहे. पंखाची, मानेची पिसं, पाय, तुरा यांना नाही. पीस गळालेलं की उपटलेलं हे बुडाशी कळतं. गळालेल्याचं देठ कोरडं, स्वच्छ असतं, उपटलेल्यात रक्ताचा अंश राहतो. प्रयोगशाळेत ते तपासतात. आणि परदेशात पाठवायला बंदी आहे, भेट म्हणून बॅगेत टाकायलाही.

मेलेला मोर शेतात सापडला की काही गावांत त्याला हळद-कुंकू वाहून पुरतात. भावना सुंदर आहे, पण आधी वनरक्षकाला बोलवा.

जर्सीकर आई

अमेरिकेतून लिहितेय. इथल्या मराठी घरांतही हे माहीत असायला हवं. माझ्या लेकीनं बागेत ब्लू जेचं निळं पीस उचललं आणि तिच्या शाळेतल्या बाईंनी प्रेमानं सांगितलं की हे घरी नेता येत नाही. इथं १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे. त्यात गळून पडलेल्या पिसालाही सूट नाही, आणि गाडीच्या किंवा खिडकीच्या काचेवर आपटून मेलेल्या पक्ष्यालाही नाही. कारण तेच, जे वनपाल काकांनी दिलंय. शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या टोप्यांवर लावायच्या पिसांसाठी इथं बगळ्यांच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या गेल्या होत्या. गरुडांसाठी वेगळा कायदा आहे. मेलेले गरुड सरकारी भांडारात जमा होतात आणि तिथून मूळ अमेरिकन जमातींच्या लोकांना धार्मिक कामासाठी अर्जानुसार दिले जातात. ही व्यवस्था मला फार आवडली. आपल्याकडे आदिवासींसाठी असं काही आहे का?

वकीलताई

जर्सीकर, थेट तसं भांडार नाही. आपल्या अधिनियमात शिकारीच्या हक्कांबाबत अपवाद आहे तो निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींपुरता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर हक्क दिला, मध-मेणासकट. पण पारंपरिक हक्कांच्या कलमातून शिकार, सापळे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं स्पष्टपणे वगळलंय. त्यामुळे रानात सापडलेल्या काट्यांची माळ ओवणारी ठाकर बाई आणि नखांचा दलाल कायद्यापुढे एकाच ओळीत उभे राहतात. यावर नीट विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. समाजाच्या पूजाविधीसाठी, खात्यातर्फे, नोंद ठेवून देण्याची सोय करणं अशक्य नाही.

मास्तर, सांबराच्या शिंगाबद्दल मात्र थोडा वेगळा मुद्दा आहे.

निवृत्त वनपाल, चंद्रपूर

ताई, तेवढं मी सांगू का? सांबर, चितळ, भेकर यांची शिंगं दर वर्षी गळतात आणि पुन्हा येतात. जनावर जिवंत असतं. गव्याचं तसं नाही. त्याचं शिंग जन्मभर टिकतं आणि वरचं टोपण मेल्यानंतरच हाडापासून सुटतं. म्हणजे मास्तरांच्या कपाटातलं गव्याचं टोपण मेलेल्या गव्याचंच आहे, त्यात दुमत नाही.

गळालेलं शिंग रानात वाया जात नाही. साळींदर ते कुरतडतं, कॅल्शियमसाठी. त्या शिंगावर दातांच्या समांतर खुणा आहेत का बघा मास्तर. असतील तर पोरांना नक्की दाखवा, कपाट रिकामं करायच्या आधी.

वकीलताई

काका, अगदी बरोबर. आता कायद्याची बाजू. जनावर मेलेलं नाही, गुन्हा घडलेला नाही, मग गळालेलं शिंग कलम ३९ मध्ये येतं का, असा युक्तिवाद करता येतो. पण त्याच्या भरवशावर राहू नका. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार जंगलात सापडलेली किंवा जंगलातून आणलेली शिंगं, हाडं, कातडी, सुळे ही वनउपज आहे. अभयारण्यातून वनउपज परवान्याशिवाय बाहेर काढायला वन्यजीव अधिनियमाच्या कलम २९ नं बंदी आहे. वर कलम ५७ आहेच. साळींदराच्या काट्यांचंही साधारण असंच. कातीबद्दल विचाराल तर व्याख्येत कातडी आहे आणि यादी 'यांचा समावेश होतो' अशी उघडी ठेवलेली आहे, त्यामुळे मी तरी ती ठेवायचा सल्ला देणार नाही.

किनारपट्टी

रत्नागिरीकडून. आमच्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात येतो. समुद्रावर कासवाचं कवच, डॉल्फिनचा सांगाडा, शंख-शिंपले सापडतात. पर्यटक तर पिशव्या भरून नेतात. साधे शिंपले वेगळे, पण प्रवाळ, समुद्रपंखा, मोठा ट्रायटन शंख, नॉटिलस हे संरक्षित आहेत. बाजारात 'इंद्रजाल' म्हणून काळी जाळीदार फांदी फ्रेम करून विकतात, वास्तुदोष जातो म्हणून. तो समुद्रातला जीव आहे, झाड नव्हे. तसंच 'हत्ताजोडी' म्हणून पूजेला विकतात ते झाडाचं मूळ नाही, नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. श्रद्धेनं विकत घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आणि व्हेलची उलटी. किनाऱ्यावर मेणासारखा गोळा सापडला की लोकांना कोट्यवधींची स्वप्नं पडतात. स्पर्म व्हेल संरक्षित आहे आणि या उलटीचं, म्हणजे अंबरग्रीसचं, नाव कायद्याच्या व्याख्येतच आहे. मुंबई, ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत त्यावरून लोकांना अटक झाली आहे. त्यात कोळ्यांची तरुण पोरं सापडतात, याचं मला फार वाईट वाटतं. सापडलं तर हात न लावता वनखात्याच्या कांदळवन कक्षाला किंवा पोलिसांना कळवा. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई मिळायची योजना राज्यानं २०१८ मध्ये आणली. तशी बातमी मात्र गोळ्याच्या बातमीइतकी फिरत नाही.

वाड्यातली सून

धागा वाचून धाकधूक झाली. आमच्या सासरच्या वाड्यात आजेसासऱ्यांच्या वेळचं वाघाचं डोक्यासकट कातडं आहे. मागं म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या शिकारीत भुसा भरून देणाऱ्या कंपनीचा शिक्का आहे. शिकार १९७२ च्या आधीची हे नक्की. कागद काही सापडत नाहीत. मुलं त्यावर बसून खेळतात. काय करावं?

वकीलताई

सर्वात आधी मुलांना त्यापासून लांब ठेवा. जुन्या काळी कातडी कमावताना आर्सेनिक हे विष वापरत. कापडात गुंडाळून वर ठेवा आणि नंतर हात धुवा.

आता कागद. शिकार कायद्याआधीची असली तरी मालकी आपोआप मान्य होत नाही. कायदा आल्यावर ३० दिवसांत जाहीर करायचं होतं. नंतर २००३ मध्ये १८ एप्रिलपासून १८० दिवसांची आणखी एक संधी दिली होती. त्या जाहीरनाम्यावर चौकशी होऊन मालकीचं प्रमाणपत्र मिळायचं. आजेसासऱ्यांच्या किंवा सासऱ्यांच्या नावानं असं प्रमाणपत्र आहे का, हे जुन्या फायलींत आणि उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात शोधा. असेल तर वारसानं ९० दिवसांत कळवायचं असतं. विकता मात्र येत नाही. प्रमाणपत्र आहे पण ठेवायचं नाही, असं असेल तर २०२२ च्या दुरुस्तीतल्या कलम ४२-क नुसार सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येतं. मोबदला मिळत नाही.

प्रमाणपत्रच नसेल तर इथं जाहीर चर्चा करू नका. वकिलामार्फत लेखी कळवून जमा करायचा मार्ग काढा. २०२३ मध्ये कन्नड बिग बॉसच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखाच्या लॉकेटवरून कार्यक्रमातूनच अटक झाली, आणि मग कर्नाटकात घरोघरची लॉकेटं चर्चेत आली. आपल्याकडेही सोन्यात मढवलेली वाघनखं कपाटांत आहेत.

मळेकरी

वनपाल काका, नखांचं पटलं. तारेचंही. माझा विरोध होता तो 'तुमचं नाही' असं वरून सांगण्याला. तुम्ही कारण सांगितलंत. पण मग पोरांनी शिकायचं कसं? सगळं मोबाईलवर?

पक्षीवेडी

मळेकरी दादा, पोरांना हात लावून शिकता येईल असं पुष्कळ आहे. बकरीची कवटी, म्हशीचं शिंग, कोंबडीची पिसं. पाळीव प्राण्यांना हा कायदा लागू नाही. बकरीच्या कवटीवर शाकाहारी दात, डोळ्यांची जागा, शिंगाचं हाड आणि टोपण हे सगळं गव्याइतकंच शिकवता येतं. अभयारण्याबाहेरच्या चिखलातल्या ठशांचे प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे करा. सुगरणीचं घरटं झाडावर असतानाच दुर्बिणीतून दाखवा, नर विणत असतो तेव्हा. कपाटातल्या घरट्यात ती धडपड कुठून दिसणार?

खरा नमुना बघायचाच असेल तर संस्थांकडे जावं. मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहात एक लाखाहून जास्त नमुने आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मीचं केंद्र आहे, तिथं परवानगीनं मृत वन्यप्राण्यांचे भुसा भरलेले नमुने होतात.

आणि एक कळकळीचं सांगणं. मेलेल्या पक्ष्याला पोरांनी हात लावू नये. २०२१ च्या जानेवारीत परभणीत मुरुंब्याला कोंबड्या मेल्या, मुंबई-ठाण्याकडे कावळे-बगळे मरत होते, तो बर्ड फ्लू होता.

दाजीपूरकर मास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. शिंग काढून पाहिलं. काका, दातांच्या खुणा आहेत, टोकाकडे दोन बोटं रुंद पट्टा नीट कुरतडलेला. पोरांनी एकेक करून बोट फिरवून पाहिलं.

मोरपिसं सोडून बाकी सगळं खात्याकडे द्यायचं ठरवलंय. ४८ तास तर कधीच उलटून गेले. पत्र कसं लिहू?

वकीलताई

मुदत उलटली म्हणून गप्प बसणं सर्वात वाईट. स्वतःहून कळवणारा आणि झडतीत सापडणारा यांच्यात अधिकारीही फरक करतात आणि न्यायालयही, पण कारवाई होणारच नाही असं वचन मी देऊ शकत नाही.

पत्र मुख्याध्यापकांच्या सहीनं, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह, परिक्षेत्र वनअधिकाऱ्यांच्या नावे द्या. प्रत उपवनसंरक्षकांना. प्रत्येक वस्तूचं वर्णन, मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो, केव्हापासून शाळेत आहे आणि कुणाकडून आली याची माहिती असेल तेवढीच. अंदाजानं काही लिहू नका. कुणा पोराचं नाव घालू नका. शेवटी 'पंचनामा करून ताब्यात घ्यावे' अशी विनंती. कलम १२ मध्ये शिक्षणासाठी परवान्याची तरतूद आहे, त्याखाली एखादी वस्तू मागायची असेल तर तो अर्ज वेगळा करा, या पत्रात मिसळू नका.

निवृत्त वनपाल, चंद्रपूर

मास्तर, वस्तू स्वतः गाडीवर टाकून घेऊन जाऊ नका. वाटेत कुणी अडवलं तर कागद दाखवता येणार नाही. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा बीटच्या वनरक्षकाला शाळेत बोलवा. तो येईल तेव्हा वर्ग चालू असू द्या, त्यालाच पोरांशी चार शब्द बोलायला सांगा. मेलेलं जनावर दिसलं तर काय करायचं, कुणाला कळवायचं, हे खाकी कपड्यातल्या माणसाकडून ऐकलेलं पोरं विसरत नाहीत. त्याचा नंबर फळ्याच्या कडेला लिहून ठेवा.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, पंचनाम्याची नक्कल मागा, आणि दोन्ही शाळेच्या दप्तरी लावा. तुमची बदली झाली तर पुढच्या मास्तरांना लागेल.